बायफेशियल पॅनल: स्ट्रक्चरच्या सावलीचा तोटा कसा काढायचा, आणि आकडा जुळत नसेल तर काय तपासायचं

तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. बायफेशियल, म्हणजे दोन्ही बाजूंनी वीज बनवणाऱ्या पॅनलच्या प्रस्तावात मागच्या बाजूचा फायदा ७ टक्के लिहिलेला, आणि वर्षाच्या शेवटी हिशोब केला तर ३-४ टक्केच हाती लागलेले. पॅनलखाली उभं राहून वर बघितलं की काचेला जवळजवळ चिकटून गेलेल्या दोन लोखंडी पर्लिन, म्हणजे पॅनल ज्यांवर बसवतात ते आडवे पट्टे, दिसतात आणि सगळा दोष त्यांच्यावर येतो. पर्लिनने मागचा उजेड अडतो हे खरंच आहे. पण गच्चीवरच्या नेहमीच्या स्ट्रक्चरमध्ये त्याची वर्षाच्या एकूण युनिटमधली किंमत साधारण १ टक्क्याच्या आत-बाहेर असते. उरलेले दोन-तीन टक्के दुसरीकडे गेलेले असतात आणि ते शोधल्याशिवाय पर्लिन बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

टक्के कशाचे?

निम्मा गोंधळ इथेच आहे. पीव्हीसिस्ट या सोलर प्रकल्पाचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बायफेशियलच्या पानावर स्ट्रक्चर शेडिंगचा आकडा मुळात ५ टक्के भरलेला असतो आणि मिसमॅचचा, म्हणजे सगळ्या सेलना सारखा उजेड न मिळाल्याने होणाऱ्या तोट्याचा, १० टक्के. हे दोन्ही आकडे मागच्या बाजूला पोचणाऱ्या उजेडाचे आहेत, वर्षाच्या युनिटचे नाहीत. अहवालात कुणी "सावलीचा तोटा ५ टक्के, मिसमॅच १० टक्के" असं सुटं लिहिलं की वाचणाऱ्याला प्रकल्पाचे १५ टक्के गेले असं वाटतं.

हिशोब असा करायचा. पुढच्या बाजूवर पडणाऱ्या उजेडाच्या ९ टक्के उजेड मागे पोचतो असं धरा. तेवढ्याच उजेडावर मागची बाजू पुढच्या बाजूच्या किती पट वीज बनवते ती बायफेशियलिटी; टॉपकॉन प्रकारच्या पॅनलची ती साधारण ०.८ असते, पर्क प्रकारची ०.७ च्या आसपास. म्हणजे टॉपकॉनला सावली धरण्याआधीचा फायदा ९ × ०.८ = ७.२ टक्के. स्ट्रक्चरने मागचा ५ टक्के उजेड अडवला तर ७.२ मधले ०.३६ टक्के गेले. दुप्पट अडवला तरी ०.७२ टक्केच. स्ट्रक्चरचा तोटा लिहिताना हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा: मागच्या उजेडाच्या किती टक्के, आणि एकूण युनिटच्या किती टक्के. पुढची भांडणं तिथेच मिटतात.

पर्लिनकडे जाण्याआधी इन्व्हर्टरचा करंट बघा

१८२ मिमी सेलच्या ५५० वॅट पॅनलचा कमाल पॉवरला चालणारा करंट साधारण १३ अँपिअर असतो. हा आकडा फक्त पुढच्या बाजूचा आहे. मागून उजेड आला की तो दुपारी १४ च्या घरात जातो. एमपीपीटीला (इन्व्हर्टरचा पॅनलमधून कमाल पॉवर खेचणारा भाग) १२.५ किंवा १३ अँपिअरची मर्यादा असलेला जुना इन्व्हर्टर लावलेला असेल, तर भर उन्हात मागचा फायदा मीटरपर्यंत पोचतच नाही. पर्लिन काढून टाकली तरी त्या वेळचं एक युनिटही वाढणार नाही.

ओळखायचं कसं? स्वच्छ आकाश असलेल्या दिवसाचा स्ट्रिंगच्या, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या मालिकेच्या, करंटचा आलेख काढा. डोंगरासारखा गोल माथा दिसायला हवा. माथा छाटल्यासारखा सपाट असेल आणि तो सपाट आकडा इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकातल्या एमपीपीटीच्या कमाल करंटइतकाच असेल, तर चोर सापडला. एसी पॉवरचा माथा सपाट असेल आणि डीसी करंट एमपीपीटीच्या मर्यादेच्या खालीच अडलेला असेल, तर इन्व्हर्टरची क्षमताच कमी पडतेय. दोन्ही प्रकारांत स्ट्रक्चर निर्दोष आहे.

नवीन पॅनल जुन्या इन्व्हर्टरला जोडताना शॉर्ट सर्किट करंटची (दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा करंट) कमाल मर्यादाही मागचा उजेड धरूनच तपासा. तो प्रश्न युनिटचा नाही, सुरक्षिततेचा आहे.

पर्लिन किती उजेड अडवते: रुंदी अधिक खोली

पहिल्या अंदाजाला रे ट्रेसिंग, म्हणजे उजेडाच्या एकेका किरणाचा सॉफ्टवेअरमधला हिशोब, लागत नाही, टेप पुरते. पर्लिनचा वरचा पृष्ठभाग फक्त पॅनलकडे बघतो, म्हणून त्याची पूर्ण रुंदी धरायची. उभ्या दोन बाजूंना वर पॅनल दिसतं आणि खाली जमीन, म्हणून प्रत्येक बाजूची अर्धी उंची धरायची. दोन अर्ध्या मिळून एक खोली. म्हणजे:

अडलेला भाग = पर्लिनची संख्या × (रुंदी + खोली) ÷ पॅनलची लांबी

पॅनलची लांबी २२७८ मिमी धरू. ४१ × ४१ मिमीचे दोन स्ट्रट चॅनल असतील तर २ × ८२ ÷ २२७८ = ७.२ टक्के. ४० मिमी रुंद आणि ६० मिमी खोल सी-पर्लिन असेल तर २ × १०० ÷ २२७८ = ८.८ टक्के. आणि ८० मिमी खोल पर्लिनला १०.५ टक्के. पीव्हीसिस्टमधला ५ टक्क्यांचा आकडा म्हणजे ६० मिमी रुंदीच्या दोन पातळ पट्ट्या, खोली नसलेल्या. आपल्याकडच्या पर्लिनला तो बहुधा कमी पडतो.

पर्लिनला खालून आधार देणाऱ्या राफ्टरलाही हेच सूत्र, फक्त पॅनलच्या लांबीऐवजी दोन राफ्टरमधलं अंतर घ्यायचं. ४० × ८० मिमीचा पाइप दर २.५ मीटरवर असेल तर १२० ÷ २५०० = ४.८ टक्के. गच्ची वापरात राहावी म्हणून माणसाच्या डोक्यावरून जाणारं उंच स्ट्रक्चर उभारतात, त्यात लोखंड जास्त लागतं, म्हणून ही बेरीज तिथे हमखास वाढते.

या सूत्रात उजेड खालून सगळीकडून सारखा येतो असं धरलेलं आहे. प्रत्यक्षात पॅनलच्या थेट खालची जमीन स्वतःच सावलीत असते आणि बराच उजेड तिरका, बाजूच्या उन्हातल्या जमिनीवरून येतो. त्यामुळे खोल पर्लिन सूत्रापेक्षा थोडा जास्त उजेड अडवते. दुसरीकडे, जस्ताचा नवा चकचकीत थर असेल तर तो थोडा उजेड पॅनलकडे परतही पाठवतो. दोन गोष्टी उलट दिशेने ओढतात, म्हणून अंदाजाला सूत्र पुरेसं आहे. पॅनलच्या स्वतःच्या फ्रेमची सावली यात मिळवू नका. बायफेशियलिटी मोजताना फ्रेम पॅनलला लावलेलीच असते, त्यामुळे तिचा मोठा भाग त्या आकड्यात आधीच आलेला असतो.

आता पूर्ण उदाहरण. पुण्यातली कोबा केलेली गच्ची, उंच स्ट्रक्चर, ५७५ वॅटची १० टॉपकॉन पॅनल, म्हणजे ५.७५ किलोवॅट. दोन सी-पर्लिन ४० × ६०, राफ्टर ४० × ८० दर २.५ मीटरवर. ८.८ + ४.८ = १३.६ टक्के मागचा उजेड अडला. ७.२ टक्के फायद्यातले ०.९८ टक्के गेले. सॉफ्टवेअरमध्ये ५ टक्केच ठेवले असते तर ०.३६ टक्के गेले असते. फरक ०.६२ टक्के. किलोवॅटला दिवसाला ४ युनिट धरले तर वर्षाला सुमारे ८,४०० युनिट, आणि त्यातला हा फरक साधारण ५२ युनिटचा.

त्याच गच्चीचा अल्बेडो, म्हणजे जमिनीची उजेड परत फेकण्याची क्षमता, ०.३० धरली आणि ती खरी ०.२० निघाली, तर ७.२ टक्क्यांचे ४.८ होतात. हे २.४ टक्के म्हणजे २०० युनिट. पर्लिनचा आकडा चुकण्यापेक्षा चौपट महाग. विदर्भ-मराठवाड्यात काळ्या मातीवर ०.२ अल्बेडो धरून केलेले प्रस्ताव याच कारणाने तोंडघशी पडतात. काळी माती ०.१ च्या आसपास असते आणि ओली झाली की त्याहूनही काळी. गच्चीवर शेवाळ धरलं की तिथेही तेच होतं.

मिसमॅच: एक अंधारी ओळ सगळ्या स्ट्रिंगला ओढते का?

"सेल सिरीजमध्ये असतात, सगळ्यात कमजोर सेल जेवढा करंट देईल तेवढाच सगळे देणार" हे वाक्य वारंवार ऐकू येतं. ते अर्धंच बरोबर आहे.

३० मिमी फ्रेमच्या दोन काचांच्या पॅनलमध्ये मागच्या काचेपासून पर्लिनच्या माथ्यापर्यंत साधारण २५ मिमी जागा उरते. ४१ × ४१ ची पर्लिन एखाद्या अर्ध्या सेलच्या, म्हणजे ९१ मिमी उंचीच्या ओळीच्या बरोबर मध्याखाली आली, तर त्या ओळीचा मागचा सुमारे ४५ टक्के उजेड जातो. ऐकायला भयंकर. पण पुढे १००० वॅट प्रति चौरस मीटर आणि मागे १०० असताना बाकीच्या सेलना १००० + ८० (१०० × ०.८) = १०८० इतका उजेड मिळतो, तर या ओळीला १००० + ४४ = १०४४. तूट ३.३ टक्के.

आता कमाल पॉवरला सेल जो करंट देतो तो त्याच्या शॉर्ट सर्किट करंटपेक्षा साधारण ५ टक्के कमी असतो. म्हणजे ३.३ टक्के तूट असलेला सेलही स्ट्रिंगचा करंट वाहून नेऊ शकतो, फक्त त्याचं व्होल्टेज थोडं उतरतं. २४ अर्ध्या सेलच्या मालिकेत असे दोन सेल असले तर जास्तीचा तोटा टक्क्याच्या दहाव्या-पाचव्या भागात राहतो. उजेड कमी पडल्याचा तोटा वर मोजलाच आहे; तो पुन्हा मोजू नका.

चित्र बदलतं ते मागचा उजेड भरपूर असतो तेव्हा. पांढरा रंग दिलेली गच्ची, उंच स्ट्रक्चर, मागे २५० वॅट. आता बाकीचे सेल १२०० वर आणि ती ओळ १११० वर. तूट ७.५ टक्के, म्हणजे पाचाच्या पुढे. इथे ती ओळ खरोखर मालिकेला मागे खेचते. जिथे फायदा जास्त, तिथेच पर्लिनचं अंतर आणि जागा यांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. साध्या कोब्याच्या गच्चीसाठी मिसमॅचचे १० टक्के हा सावध आकडा आहे. तो कमी करायचा असेल तर पुढच्या पद्धतीने मोजून मगच करा.

एक उपयोगी खूण: पॅनलमधल्या सेलचे गट असतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड (सावलीतल्या गटाला वळसा घालून करंट जाऊ देणारा) असतो; आडवी पर्लिन या सगळ्या गटांवर सारखीच सावली टाकते, त्यामुळे आयव्ही कर्व्हवर (करंट आणि व्होल्टेजचा आलेख) पायरी उमटत नाही. पायरी दिसली तर पर्लिन सोडा. पुढच्या बाजूला सावली, घाण, फुटलेला सेल किंवा बिघडलेला डायोड शोधा. मागे उभी लटकणारी केबल किंवा लांबीच्या दिशेने गेलेला केबल ट्रे एकाच गटावर येतो, तो मात्र बारीक पायरी देऊ शकतो.

जागेवर मोजायची पद्धत

लागणारं सामान थोडंच: इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं ५-६ सेंटीमीटरचं छोटं सोलर पॅनल, लांब वायर, मिलीअँपिअर मोजणारा मल्टिमीटर, टेप, खडू. छोट्या पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट उजेडाच्या प्रमाणात बदलतो, आणि आपल्याला फक्त गुणोत्तर हवं आहे.

ढग नसलेला दिवस, ११ ते १ ची वेळ. रांगेच्या टोकाचं पॅनल घेऊ नका, टोकाला बाजूने उजेड शिरतो आणि आकडा फुगतो. मधलं पॅनल घ्या.

आधी छोटं पॅनल मोठ्या पॅनलच्या पुढच्या बाजूला, त्याच उतारात धरून वाचन घ्या. मग मागच्या काचेला लागून, तोंड खाली करून, खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत दर १०० मिमीवर वाचन. म्हणजे २२-२३ वाचनं. पर्लिनच्या आसपास १५० मिमीमध्ये दर २५ मिमीवर घ्या, नाहीतर खड्डा निसटतो. वाचन घेणाऱ्याने लांब उभं राहायचं, छोटं पॅनल काठीला बांधून सरकवायचं. माणसाची सावली आणि काळा शर्ट दोन्ही आकडा खाली आणतात. दहा मिनिटांत काम संपवा आणि शेवटी पुढचं वाचन पुन्हा घ्या. पहिल्या आणि शेवटच्या पुढच्या वाचनात २ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सगळं पुन्हा.

आकडे कागदावर मांडले की एक मंद वळण दिसतं, कडांना वर आणि मध्ये खाली, आणि त्यात पर्लिनच्या जागी दोन खड्डे. समजा पर्लिनपासून दूर ८ मिलीअँपिअर येतात आणि बरोबर पर्लिनवर ३. खड्ड्यांच्या दोन्ही काठांवरून सरळ वळण जोडून घ्या, ती पर्लिन नसतानाची रेघ. दोन्ही खड्ड्यांचं क्षेत्रफळ भागिले त्या रेघेखालचं एकूण क्षेत्रफळ म्हणजे पर्लिनचा तोटा. लांबवर पसरलेली फिकी सावली या पद्धतीत निसटते, म्हणून आकडा सूत्रापेक्षा थोडा कमी येतो. मापाचा आकडा सूत्राच्या दुप्पट आला तर मात्र मध्ये दुसरं काहीतरी आहे: केबल ट्रे, ब्रेसिंग, पॅनलखाली ठेवलेलं सामान.

अल्बेडोही याच छोट्या पॅनलने मोजा. गच्चीच्या उघड्या, उन्हातल्या भागात, जमिनीपासून १ मीटरवर, एकदा तोंड सरळ वर आणि एकदा सरळ खाली. खालचं भागिले वरचं. कठडा आणि पाण्याची टाकी जितकी लांब तितकं बरं.

कायमचे सेन्सर बसवलेल्या मोठ्या प्रकल्पात मागचा सेन्सर कुठे आहे हे आधी विचारा. तो दोन पर्लिनच्या मध्ये असेल तर स्ट्रक्चरची सावली त्याला दिसतच नाही, आणि पर्लिनवर असेल तर तो सगळ्या पॅनललाच अंधारात दाखवतो. उतारावर किमान तीन जागा हव्यात.

सॉफ्टवेअरमध्ये कुठे घसरतं

पीव्हीसिस्टच्या थ्रीडी दृश्यात पर्लिन काढून बसण्यात वेळ घालवू नका. मागच्या बाजूचा हिशोब तिथे लांबच लांब रांगा धरून द्विमितीय पद्धतीने होतो आणि थ्रीडीमधल्या वस्तू त्यात धरल्या जात नाहीत. वरच्या सूत्राचा किंवा मोजलेला आकडा थेट स्ट्रक्चर शेडिंगच्या चौकटीत भरा. अल्बेडो महिन्यागणिक भरा, वर्षभर एकच नको. गच्चीवर एक-दोनच रांगा असतील तर कडेने येणारा उजेड या मॉडेलला दिसत नाही, त्यामुळे तिथे ते मागचा उजेड कमीच दाखवतं.

नेमका आकडा हवा असेल तर एनआरईएल या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने बनवलेलं बायफेशियल रेडिअन्स हे रे ट्रेसिंगचं सॉफ्टवेअर वापरा. त्यात पर्लिनसह आणि पर्लिनशिवाय असे दोन रन करा, बाकी सगळं तेच ठेवा, आणि मागच्या सरासरी उजेडाची तुलना करा. दोन चुका नेहमी होतात. सेन्सरची संख्या सेलच्या ओळींपेक्षा कमी ठेवली जाते आणि पर्लिन दोन सेन्सरच्या मधून सटकते. किंवा पर्लिन काचेच्या इतकी जवळ असते की काही सेन्सर पर्लिनच्याच पृष्ठभागाचा आकडा देतात. निकालाच्या फाइलमध्ये किरण कोणत्या मटेरियलला लागला ते लिहिलेलं असतं; पॅनल सोडून दुसरं नाव दिसलं की ती ओळ सरासरीत घेऊ नका.

काय बदलायचं, कोणत्या क्रमाने

केबल आधी. लोंबणाऱ्या केबल फ्रेमला किंवा पर्लिनच्या बाजूला टायने बांधा. पॅनलच्या पोटाखालून गेलेला १०० मिमीचा ट्रे राफ्टरच्या रेषेत सरकवा. खर्च नगण्य, फरक लगेच.

मग जमीन. गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला तर अल्बेडो दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. चुनाही चालतो, फक्त तो पावसात धुऊन जातो. उंच स्ट्रक्चरखाली काळी ताडपत्री, टाक्या, वाळत घातलेलं सामान साचत जातं, ते हलवा.

त्यानंतर पर्लिन आणि काच यांमधली फट. वरच्याच उदाहरणात स्पेसर घालून २५ मिमीची फट ६५ केली, तर सगळ्यात अंधाऱ्या ओळीचा तोटा ४५ वरून साधारण २७ टक्क्यांवर येतो. पॅनलवर अडणारा एकूण उजेड जवळपास तेवढाच राहतो, सावली फक्त पसरते. म्हणजे यातून मिसमॅच कमी होतो, सरासरी तोटा नाही. पांढऱ्या गच्चीवर हे करण्यात अर्थ आहे, काळ्या मातीवर नाही.

पर्लिनची जागा मनाने सरकवू नका. २२७८ मिमीच्या बऱ्याच पॅनलना १४०० मिमी अंतरावर भोकं असतात, म्हणजे पर्लिन कडेपासून ४३९ मिमीवर येते, आणि वाऱ्याचा भार त्या अंतरावर तपासलेला असतो. पर्लिन कडेला नेल्याने मधली सावली कमी होते, पण पॅनलची वारा सहन करण्याची क्षमताही उतरते. आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे मूळ वाऱ्याचा वेग पुण्याला ३९ मीटर प्रति सेकंद आहे, मुंबईला ४४. अर्ध्या टक्क्यासाठी कोकण किनाऱ्यावर हा धोका घेऊ नये. पॅनल कंपनीच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये ती जागा आणि तो भार लिहिलेला असेल तरच बदल करा.

पत्र्याच्या छतावर १०० मिमी उंचीच्या छोट्या रेलवर पॅनल बसवली असतील तर वरचं काहीही करू नका. खाली उजेड शिरायलाच जागा नाही. हिशोबात मागचा फायदा शून्य धरा.

बदल केल्यावर तीच २२ वाचनं, त्याच पॅनलवर, त्याच वेळेला पुन्हा घ्या. एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये घेतली की रंग किती उतरला तेही त्याच कागदावर दिसतं.